खळ, सरस आणि पिशवी

मागच्या अंकात यंत्रमागाच्या सुताला खळ, म्हणजे पाण्यात शिजवलेलं स्टार्च, कशी देतात ते सांगताना जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की हीच खळ पातळ ओतून वाळवली तर प्लास्टिकसारखा पापुद्रा निघतो. वाचकांनी बाकीचा लेख बाजूला ठेवला आणि त्या एका वाक्यावर पत्रं पाठवली. म्हणून या वेळचं पान त्यांचं. इचलकरंजीच्या सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्यात, माझी उमेदीची वर्षं खळ शिजवण्यात आणि तिचा चिकटपणा मोजण्यात गेली, त्यामुळे स्टार्चबद्दल सांगेन ते हातचं आहे. जिलेटिनशी ओळख त्यानंतरची. पण तेही आपल्या सुतारांच्या सरसाचंच धुऊनपुसून आलेलं भावंड.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी बायोप्लास्टिक केलं. चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, एक वाटी पाणी, चार चमचे व्हिनेगर आणि चहाचा अर्धा चमचा ग्लिसरीन. शिजवून स्टीलच्या ताटात ओतलं आणि पंख्याखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी कडा वर आल्या आणि मधोमध तडे गेले. परत केलं तरी तेच. माझं काय चुकतंय? – एक विद्यार्थी, कराड

पहिलं काम, चमचे बाजूला ठेव आणि वजनकाटा शोध. घरात नसेल तर शाळेच्या प्रयोगशाळेत असेल. मोठा चमचा म्हणजे साधारण 8 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, म्हणजे तू 30 ग्रॅमच्या वर घेतलंस. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे तुझा अर्धा चमचा झाला सुमारे 3 ग्रॅम. स्टार्चच्या दहा टक्के. इतक्या कमी ग्लिसरिनात फिल्म, म्हणजे तो वाळलेला पापुद्रा, वाकत नाही, मोडते. स्टार्चच्या वजनाच्या 30 ते 40 टक्के ग्लिसरीन हवं. पण चांगलं वाटलं म्हणून 60 टक्क्यांवर जाऊ नकोस. मग फिल्म बोटाला चिकटते आणि दमट दिवशी तिला घाम फुटतो.

आता हे माप घे : कॉर्नफ्लोअर 10 ग्रॅम, पाणी 120 मिलिलिटर, व्हिनेगर 5 मिलिलिटर, ग्लिसरीन 3 मिलिलिटर. दुकानात ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणून जी पांढरी, बोटांत करकरणारी भुकटी मिळते तीच हवी. मक्याचं पिवळं पीठ नको, त्यात प्रथिनं, तेल, कोंडा सगळं असतं. ग्लिसरीन औषधाच्या दुकानातलं चालेल.

सगळं थंड पाण्यातच कालव, म्हणजे गुठळी होणार नाही. मग मंद आचेवर ठेव आणि उलथनं पातेल्याच्या तळाला लावून ढवळत राहा. बराच वेळ काहीच होत नाही, नुसतं पांढरं दूध. मग 65 ते 70 अंशांच्या दरम्यान एकाएकी उलथनं जड होतं. तळाशी आधी एक गिळगिळीत चकती धरते, तिथे ढवळायला उशीर झाला की ती गाठ पुढे मोडत नाही. त्यानंतर पांढरा रंग विरून मिश्रण काचेसारखं होऊ लागतं. बहुतेक मुलं इथे गॅस बंद करतात. करायचा नाही. घट्ट होणं आणि शिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टार्चचे कण फुगले म्हणून ते घट्ट झालं. ते फुटून आतल्या साखळ्या पाण्यात मोकळ्या व्हायला आणखी पाचेक मिनिटं बुडबुडे यावे लागतात. आमच्याकडे खळ कच्ची राहिली की पहिली खबर मागावरून यायची, सूत तुटतंय म्हणून. तुझ्याकडे ती ताटातून येते.

घरी कुरडया करत असतील तर आजीला विचार. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून, वरचं पाणी ओतून टाकल्यावर तळाला राहतो तो चीक म्हणजे ओलं स्टार्चच. तो शिजून कधी ‘आला’ हे तिला थर्मामीटरशिवाय कळतं. वाळलेली कुरडई कडकन मोडते, कारण तिच्यात ग्लिसरीन नसतं.

स्टार्चमध्ये दोन तऱ्हेच्या साखळ्या असतात. अमायलोज बहुतांशी सरळ, अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचं. फिल्मला ताकद येते ती मुख्यतः सरळ साखळ्या एकमेकींना लागून बसल्या की. मक्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज साधारण 25 टक्के, बटाट्यात 20च्या आसपास, साबुदाणा ज्यापासून होतो त्या टॅपिओकात 17च्या आसपास. व्हिनेगरचं काम फांद्या थोड्या छाटायचं. तू चार चमचे घातलंस, ते फार झालं. आम्ल जास्त आणि उकळणं लांबलं की फांद्यांबरोबर सरळ साखळ्याही तुटतात.

आता ओतणं. 25 सेंटिमीटर व्यासाच्या सपाट ताटात वरच्या मापाचं मिश्रण साधारण 2 मिलिमीटर जाड बसतं, आणि वाळल्यावर 0.2 मिलिमीटर उरतं. म्हणजे जाडीचा दहावा हिस्सा. तुझा थर याच्या कितीतरी पट जाड होता, आणि वरून पंखा. वरची बाजू वाळून आखडली, खालची अजून ओली, मग तडा जाणारच. ताटाऐवजी ॲक्रिलिकचा तुकडा किंवा जुनी ओएचपी शीट (प्रोजेक्टरवर ठेवायचा पारदर्शक कागद) घे, पातळ फडकं ताणून झाक आणि सावलीत दोन-तीन दिवस ठेव. कडा आपण होऊन सुटल्या की उचल. आधी नखाने उकरू नकोस.

प्रदर्शनात नुसती फिल्म मांडलीस तर परीक्षक ‘छान’ म्हणून पुढे जातील, कारण त्याच रांगेत तुझ्यासारखी अजून तीन टेबलं असतील. त्यापेक्षा हे कर. एका डब्यात मीठ आणि अगदी थोडं पाणी घालून ओला लगदा ठेव. बंद डब्यातल्या हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या जवळपास टिकते. दुसऱ्या डब्यात कोरडं सिलिका जेल, ओलावा शोषणारे दाणे. दोन्हींत फिल्मचा एकेक तुकडा टांगून रोज वजन कर. एक जड आणि लुळा होत जाईल, दुसरा हलका आणि कडक. हे दोन तुकडे परीक्षकांच्या हातात दे, बोलायची गरज पडणार नाही.

मातीत पुरून विघटन दाखवणार असशील तर एक सावधगिरी. पहिल्या काही दिवसांत वजन भराभर कमी होतं आणि मुलं लिहितात, ‘इतके टक्के विघटन झाले’. तसं नसतं. ओल्या मातीत आधी ग्लिसरीन विरघळून निघून जातं. ते जंतूंचं काम नव्हे. तेवढंच ग्लिसरीन घातलेला एक तुकडा साध्या पाण्यात दिवसभर बुडवून, वाळवून तोल. किती वजन नुसतं धुऊन गेलं ते कळेल. ते वजा करून उरेल त्याला विघटन म्हण.

प्रश्न : दुकानातून ‘मक्यापासून बनवलेली, मातीत मिसळणारी’ पिशवी मिळाली. भाजीच्या सालांबरोबर गच्चीवरच्या कंपोस्ट पिंपात टाकली. वर्ष झालं, सालांचं खत झालं, पिशवी तशीच. फसवणूक झाली का? – एक वाचक, नाशिक

झाली असेल किंवा नसेलही. पिशवीवर काय छापलंय त्यावर ते आहे.

अशा पिशवीत मका असतो, पण एकटा मका कधीच नसतो. निव्वळ स्टार्चची पिशवी ओल्या कोथिंबिरीच्या जुडीपुढे संध्याकाळपर्यंत टिकायची नाही. त्यामुळे स्टार्चमध्ये पीबीएटी नावाचं पॉलिस्टर मिसळतात. ते बहुधा खनिज तेलापासूनच येतं, पण जंतूंना खाता येतं. काही पिशव्यांत पीएलए असतं, म्हणजे मक्याच्या किंवा उसाच्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करून त्याच्या साखळ्या जोडलेल्या. कंपोस्टेबल ठरवण्याची जी कसोटी आहे ती 58 अंश तापमानाला घेतात. पिशवीतल्या कार्बनपैकी 90 टक्के कार्बन 180 दिवसांत कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडला पाहिजे. 58 अंश म्हणजे मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातल्या ढिगाच्या पोटातली ऊब. गच्चीवरचं पिंप एवढं तापत नाही. तापलंच तर दोन-चार दिवस. पीएलए तर 60 अंशांच्या खाली अगदी निवांत बसून राहतं.

आता पिशवी धुऊन वाचा. केंद्राच्या 2016च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे कंपोस्टेबल पिशवी विकणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि उत्पादकाचं नाव व प्रमाणपत्र क्रमांक पिशवीवर छापावा लागतो. आयएसओ 17088 हे मानक दिसलं तर उत्तमच. हे सगळं असेल तर पिशवीचे तुकडे करून मोठ्या खतप्रकल्पात द्या, तिथे जाईल. नुसतं हिरवं पान, ‘इको’ आणि ‘बायो’ एवढंच असेल, तर ती पॉलिथिनची भुकटी होणारी पिशवी असण्याची शक्यता मोठी. साध्या पॉलिथिनमध्ये एक रसायन घालतात, उन्हाने त्याचे बारीक बारीक कपटे होतात आणि डोळ्यांना दिसेनासं झालं की लोक समाधान मानतात. युरोपीय संघाने असल्या मालावर जुलै 2021पासून बंदी घातली आहे.

प्रश्न : मी सुट्टीत मुलांचे विज्ञानाचे वर्ग घेते. जिलेटिनची फिल्म करायची ठरवली, तर एका आईने विचारलं की ते मांसाहारी असतं का. आमच्याकडे निम्मी मुलं जैन घरांतली आहेत. काय करू? – एक शिक्षिका, जयसिंगपूर

आईंचं बरोबर आहे. जिलेटिन जनावरांची हाडं आणि कातडी यांच्यातल्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनापासून काढतात. गुरं, डुकरं, कधी मासे. सरस त्याचाच मळकट अवतार. औषधाच्या बहुतेक कॅप्सूलचं टरफलही जिलेटिनचंच असतं, शाकाहारी म्हणून जी मिळते ती सेल्युलोजपासून केलेली. मुलांना न सांगता हातात देऊ नका.

तुमच्यासाठी चायना ग्रास आहे. किराणा दुकानात खिरीसाठी, जेलीसाठी मिळतं ते. हे लाल समुद्रशेवाळापासून निघतं. आपल्याकडे तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, मंडपमच्या बाजूला शेवाळ गोळा करण्यावर कितीतरी बायकांचं पोट आहे. 4 ग्रॅम चायना ग्रास कात्रीने कापून 200 मिलिलिटर पाण्यात भिजवा आणि चांगलं उकळा. जिलेटिन कोमट पाण्यात विरघळतं, हे विरघळत नाही, खळखळ उकळावंच लागतं. तंतू दिसेनासे झाले की 2 ते 3 मिलिलिटर ग्लिसरीन घालून ओता. 40 अंशांच्या खाली आलं की बघता बघता धरतं, त्यामुळे ओतताना गप्पा नकोत. एकदा धरलं की 85 अंशांपर्यंत पुन्हा वितळत नाही, म्हणजे मेच्या उन्हातही ताटात राहतं. जिलेटिनची जेली 35 अंशांच्या आतच पाणी पाणी होते. तेव्हा उन्हाळी वर्गाला तसंही हेच सोयीचं.

स्टार्चमध्येही बटाटा टाळायचा असला तर मका आहेच.

प्रश्न : आमचं हौशी नाट्यमंडळ आहे. नाट्यस्पर्धेसाठी जुन्या गोमंतकीय घराचा सेट लावतोय. त्यात शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी हवी, मागून प्रकाश सोडून. खऱ्या शिंपा परवडत नाहीत, प्लास्टिकचा कागद खोटा दिसतो. जिलेटिनने जमेल का? – एक नेपथ्यकार, मडगाव

या महिन्यातला हा मला सगळ्यांत आवडलेला प्रश्न. जमेल. तुमच्या प्रकाशयोजनाकाराला हे ऐकून हसू येईल, कारण रंगीत दिव्यांसमोर लावायच्या ज्या कागदाला नाटकवाले अजून ‘जिलेटिन’ म्हणतात, तो पूर्वी खरोखरच रंगवलेल्या जिलेटिनचा असे. दिव्याच्या उष्णतेने आणि दमटपणाने तो खराब व्हायचा म्हणून पुढे ॲसिटेट, पॉलिस्टर वगैरे आलं. तेव्हा तुम्ही नवीन काही करत नाही, जुन्या वाटेनेच चाललाय. त्या वाटेवरचे खड्डे तेवढे माहीत हवेत.

नुसतं जिलेटिन घेतलं तर काचेसारखं स्वच्छ होईल. शिंपेला हवा दुधी, किंचित ढगाळ पोत. तो स्टार्चमुळे येतो. म्हणून दोन्ही घ्या : जिलेटिन 24 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 3 ग्रॅम, ग्लिसरीन 5 ग्रॅम, पाणी सगळं मिळून 150 मिलिलिटर. जिलेटिनच्या डब्यावर ब्लूम आकडा असतो, म्हणजे जेली किती घट्ट धरते त्याचं माप, तो 200च्या पुढचा घ्या, पातळ थर चांगला धरतो. आधी 100 मिलिलिटर थंड पाण्यावर जिलेटिन भुरभुरा. ओतून गोळा करू नका. दहा मिनिटांत दाणे फुगतात, ओल्या वाळूसारखे दिसतात. उरलेल्या पाण्यात कॉर्नफ्लोअर वेगळं शिजवून घ्या, वर कराडच्या मुलाला सांगितलंय तसं पूर्ण शिजवून. ते 60 अंशांवर आलं की फुगलेलं जिलेटिन आणि ग्लिसरीन त्यात सोडा आणि भांडं गरम पाण्यात ठेवून हलक्या हाताने ढवळा. जिलेटिन उकळायचं नाही, त्याची पकड जाते. वर फेस येतो, तो चमच्याने काढा. राहिला तर दिव्यासमोर प्रत्येक बुडबुडा ठिपक्यासारखा दिसतो.

ॲक्रिलिकच्या तुकड्यावर कडेने चिकणमातीची किंवा टेपची बंधारी घालून 3 मिलिमीटर थर ओता. काचेवर अजिबात ओतू नका. वाळताना जिलेटिन इतक्या जोराने आक्रसतं की काचेच्या कपच्या उडतात. पूर्वी काचेवर नक्षी उठवायला मुद्दाम सरस लावून वाळवत, आणि सरसाबरोबर काचेचे पापुद्रे निघून पानाफुलांसारखे ओरखडे उठत. तुमच्या ॲक्रिलिकला ते होणार नाही.

तासाभरात थर धरला की गंमत सुरू होते. कडेचा भाग आधी सुकतो आणि आत ओढला जातो. तसाच सोडला तर पापडासारखी वाटी होते. म्हणून ओला पण धरलेला थर उचलून भरतकामाच्या गोल फ्रेमसारख्या दोन चौकटींमध्ये दाबून बसवा आणि दोन्ही बाजूंना हवा लागू द्या. चार दिवसांनी तळहाताएवढी तावदानं कापा. शिंपेच्या कडेला जी पिवळट झाक असते ती हवी असेल तर हिरड्याचा काढा करून, गाळून, वाळलेल्या तुकड्यावर ब्रशने एकच हात द्या. हिरड्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींना बांधतं, रंगही येतो आणि तुकडा पाण्याला थोडा दाद देईनासा होतो. कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावतात, तिथेही कोलॅजेन आणि टॅनिन यांचीच गाठ. लोखंडी भांड्यात काढा करू नका, शाईसारखा काळा पडेल. हिरडा नको असेल तर तुरटीचं पाणी. फोटोच्या फिल्मवरचा थर जिलेटिनचाच असायचा आणि तो कडक करायला धुण्याच्या रसायनात तुरटी घालत.

कुणी तुम्हाला फॉर्मलीन सुचवेल, कारण त्याने जिलेटिन अगदी पक्कं होतं. बंद रंगमंचावर, नटांच्या नाकाजवळ ते नको.

दिवे एलईडी असतील तर निर्धास्त राहा. हॅलोजन असेल तर दोन हात लांब ठेवा, नाहीतर दुसऱ्या अंकापर्यंत तावदानं कुरकुरीत होऊन वळतील. आणि प्रयोग पावसाळ्यात असेल तर ग्लिसरीन 5 ऐवजी 3 ग्रॅमच घाला, चौकटीला मागून बारीक तारा लावा आणि खिडकी प्रयोगाच्या दिवशीच बसवा. आदल्या रात्री ती पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर.

प्रश्न : मुलाला शाळेच्या प्रयोगासाठी जिलेटिन हवंय. बातम्यांत जिलेटिनच्या कांड्या सापडल्याचं वाचतो. घरात आणणं सुरक्षित आहे ना? – एक पालक, गडहिंग्लज

विहिरीच्या सुरुंगाच्या त्या कांड्यांत पूर्वी नायट्रोग्लिसरीन असे, आता बहुधा अमोनियम नायट्रेटवरची स्फोटकं असतात, खायचं जिलेटिन नसतं. मुलाला हवंय ते केकच्या सामानाच्या दुकानात मिळतं. बिनधास्त आणा, मांजरापासून मात्र जपा, वासावर येते.

प्रश्न : आमचा महिला बचत गट आहे. फणसाच्या आठळ्या आणि कॅनिंगवाल्यांकडच्या आंब्याच्या कोयी ढिगाने वाया जातात. त्यापासून पिशव्या करून विकता येतील का? एका प्रशिक्षणात आम्हाला तसं सांगितलं गेलं. – चिपळूण

स्टार्च निघेल. पिशवी निघणार नाही. प्रशिक्षणात जी फिल्म दाखवली असेल ती बहुधा मार्च-एप्रिलमध्ये दाखवली असेल. तुमच्याकडे जुलैत हवाच 90 टक्के ओली असते. त्या हवेत स्टार्चची फिल्म फडक्यासारखी लोंबते, दोन पदर एकमेकांना चिकटतात आणि आठवड्याभरात बुरशीचे ठिपके येतात. ज्या ओढीने ती मातीत पाणी पिऊन विरते, त्याच ओढीने ती दुकानातही पाणी पिते. तिला सांगता येत नाही की आत्ता नको. कारखानेवाले यावर तोडगा म्हणून पीबीएटी मिसळतात आणि ते काम एक्स्ट्रूडरवर, म्हणजे माल वितळवून दाबाने बाहेर काढणाऱ्या यंत्रावर, दीडशे अंशांच्या आसपास चालतं; पातेल्यात नाही. शिवाय कंपोस्टेबल म्हणून पिशवी विकायची तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल, त्यासाठी सिपेट या प्लास्टिकवरच्या केंद्र सरकारी संस्थेसारख्या ठिकाणी महिनोन् महिने चालणाऱ्या चाचण्या. बचत गटाचं भांडवल त्यात घालू नका, हे मी अगदी स्पष्ट सांगते.

पण आठळ्या टाकू नका. वाळलेल्या आठळीत निम्म्याहून जास्त स्टार्च असतं. वरची पांढरी साल सोलून, आतली तपकिरी घासून काढा आणि न शिजवता थंड पाण्यात वाटा. शिजवली तर सगळं आतच धरून बसेल. दुहेरी पंचातून गाळा, चोथा पुन्हा पाण्यात कालवून पिळा. गाळलेलं पाणी पाच-सहा तास हलवू नका. तळाला पांढरा थर दाबून बसतो, वर पिवळसर पाणी. ते अलगद ओता आणि पुन्हा स्वच्छ पाणी घाला. वरचं पाणी नितळ राहीपर्यंत हे धुणं करायचं. मग बोटाने थर दाबून बघा : हळू दाबलं तर बोट आत जातं, झटकन दाबलं तर दगड. तसा झाला की कडक उन्हात पातळ पसरून वाळवा. कोयीचं काम जिकिरीचं, आतल्या गरात तेलही असतं आणि टॅनिनही. धुणी जास्त लागतात, तरी रंग मळकट येतो. लोखंडी सुरी, लोखंडी कढई तिथे वर्ज्य.

हे स्टार्च घेऊन कागदी पिशव्या करा. म्हणजे पिशवी कागदाची, आणि चिकटवायला तुमची खळ. औषधवाले, सोनार, बेकरीवाले, सुकामेवा विकणारे यांना कागदी पाकिटं बारमाही लागतात, आणि पाकीट चिकटवायला आज बाजारातून जो गोंद आणता त्याचा खर्च वाचतो. 10 ग्रॅम स्टार्चला 80-90 मिलिलिटर पाणी, पूर्ण शिजवून. ग्लिसरीन अगदी दोन थेंब, म्हणजे वाळल्यावर जोड कडकन सुटत नाही. सगळी खळ एकदम करून ठेवू नका, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती आंबते आणि पाणी सोडते. बुकबाइंडर खळीत मोरचूद टाकत, किडीमुंगीसाठी. ते विष आहे. खाण्याच्या वस्तूंच्या पाकिटाला चुकूनही नको. वर्तमानपत्राचा कागदही खाद्यपदार्थांना वापरू नका, शाई लागते. कोरा क्राफ्ट कागद घ्या.

फिल्मचाच हट्ट असेल तर एक जागा आहे. माठ, मेथी, मुळा यांचं बी ठरावीक अंतरावर बसवलेल्या पट्ट्या. दोन पातळ फिल्मींच्या मध्ये बी, फिल्म पूर्ण वाळल्यावर किंचित दमट करून चिकटवायच्या, आणि कोरड्या डब्यात ठेवून दिवाळीनंतर विकायच्या. गिऱ्हाईक पट्टी मातीत आडवी ठेवून पाणी घालतं, फिल्म विरते, बी उगवतं. गच्चीवर भाजी लावणाऱ्या शहरी लोकांना आवडेल. ग्लिसरीनऐवजी सॉर्बिटॉल मिळालं तर घ्या, ते हवेतलं पाणी कमी ओढतं. पहिल्या खेपेला थोड्याच करा आणि दोन महिने ठेवून बी उगवतंय का ते स्वतः लावून बघा.

प्रश्न : मका करतो. बायोप्लास्टिकमुळे मक्याला भाव येणार असं ऐकतो. पेरा वाढवू का? – एक शेतकरी, शिंदखेडा

तुमच्याच तालुक्यात दोंडाईचाला मक्यापासून स्टार्च काढण्याचा जुना कारखाना आहे, तेव्हा स्टार्च कुठे जातं हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहू शकता. क्विंटलभर मक्यातून साधारण 60 ते 65 किलो स्टार्च निघतं. उरलेलं अंकुराचं तेल, ग्लुटेन आणि कोंडा, जो पशुखाद्यात जातो. स्टार्च घेणारे कोण? कागद, कापड, औषधं, खाद्यपदार्थ, गोंद, पुठ्ठ्याची खोकी. आमच्या इचलकरंजीच्या सायझिंगवाल्यांनी वर्षानुवर्षं पोत्यांनी उचललं, आता तिथेही कृत्रिम रसायनं मिसळतात. या सगळ्यांपुढे बायोप्लास्टिकचा वाटा फार लहान आहे. भावावर सध्या जास्त परिणाम होतो तो कोंबडीखाद्याचा आणि इथेनॉलचा.

तेव्हा पिशवीच्या भरवशावर पेरा वाढवू नका. वाढवायचाच असेल तर कोंबडीखाद्यवाल्यांची आणि इथेनॉलवाल्यांची मागणी विचारून वाढवा. आणि माल नेताना ओलावा 14 टक्क्यांच्या आत आणा. ओल्या मक्याला बुरशी लागते, काट्यावर तेच कारण सांगून भाव पाडतात आणि तिथे तुमच्याकडे उत्तर नसतं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र दोन-चार शेतकऱ्यांत मिळून घेतलं तरी पुरतं.